पोलारोग्राफ ते पट्टी : पाण्यातील कीटकनाशकांच्या मापनाची वाटचाल

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीने १९५५ मध्ये प्रागचे रसायनशास्त्रज्ञ यारोस्लाव्ह हेरोव्स्की यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या अकादमीने हा मान दिला, तेव्हा हेरोव्स्कींच्या नोबेल पारितोषिकाला अजून चार वर्षे होती. पाण्यात विरघळलेल्या अल्पस्वल्प द्रव्याचा विजेच्या साहाय्याने ठाव घेण्याचे शास्त्र त्यांच्यापासून सुरू होते. १० फेब्रुवारी १९२२ रोजी त्यांनी जे करून पाहिले त्याची मांडणी साधी होती. केसासारख्या बारीक काचेच्या नळीतून पाऱ्याचे थेंब द्रावणात पडू द्यायचे, त्या थेंबांना हळूहळू वाढता विद्युतदाब द्यायचा आणि द्रावणातून किती प्रवाह वाहतो ते नोंदवत जायचे. द्रावणातला पदार्थ ठरावीक दाबाला इलेक्ट्रॉन स्वीकारू लागतो आणि प्रवाहाच्या आलेखात एक पायरी उठते. पायरी कोणत्या दाबाला उठली यावरून पदार्थ कोणता ते कळते, आणि ती किती उंच आहे यावरून तो किती आहे ते कळते. दर थेंबासरशी इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग नवा कोरा होत असल्यामुळे आधीच्या मापनाचा मळ पुढच्या मापनाला लागत नाही. १९२४ मध्ये जपानी सहकारी मासुझो शिकाता यांच्यासह हेरोव्स्कींनी हा आलेख आपोआप काढणारे यंत्र बनवले. त्याला पोलारोग्राफ असे नाव पडले.

दक्षिण भारतात विद्युतरसायनाची मुळे याच काळात रुजत होती. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, जिला शहरातले जुने लोक अजूनही टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात, १९०९ पासून उभी होती. तमिळनाडूतील कारैकुडीत अळगप्पा चेट्टियार यांनी दिलेल्या जमिनीवर आणि देणगीतून केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था निर्माण झाली. तिची पायाभरणी जुलै १९४८ मध्ये झाली आणि उद्घाटन १४ जानेवारी १९५३ रोजी. १९६४ मध्ये बेंगळुरूत इलेक्ट्रोकेमिकल सोसायटी ऑफ इंडिया सुरू झाली. या मंडळींचे विषय होते धातूंवरचा मुलामा, बॅटऱ्या, गंज आणि धातूंचे शुद्धीकरण. स्वतंत्र देशाच्या नव्या कारखान्यांना तेच हवे होते. पाण्यातली कीटकनाशके मोजणे हा विषय तेव्हा कोणाच्याच यादीत नव्हता, कारण कीटकनाशके स्वतःच नुकती कुठे दाराशी आली होती.

ती आली मलेरियाच्या वाटेने. पॉल म्युलर यांनी डीडीटीचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये ओळखला. महायुद्ध संपताच, १९४६ मध्ये, त्या वेळच्या मुंबई प्रांतातील कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याची मोहीम सुरू झाली. मलेरियाने पोखरलेल्या गावांना त्याचा गुण स्पष्ट दिसला, आणि १९५३ च्या राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रमाला या अनुभवाचा आधार मिळाला. त्या पिढीने डीडीटीकडे वरदान म्हणून पाहिले यात नवल नाही. त्याने खरोखर जीव वाचवले होते.

दुसरे कूळ अधिक जहाल होते. जर्मनीत आय. जी. फार्बेन कंपनीत कीटकनाशके शोधताना गेर्हार्ड श्राडर यांच्या हाती १९३६ मध्ये टॅबून हा युद्धात वापरण्याजोगा विषारी वायू लागला, आणि १९४४ मध्ये पॅराथिऑन. दोन्ही सेंद्रिय फॉस्फरस संयुगे. मज्जातंतूंच्या सांध्यांवर असिटिलकोलिन नावाचा निरोप्या रेणू काम संपताच मोडला जावा लागतो, आणि तो मोडणारे एन्झाइम म्हणजे असिटिलकोलिनएस्टरेज. ही संयुगे त्या एन्झाइमला खीळ घालतात. निरोप थांबत नाहीत, स्नायू थकतात, श्वास अडतो. किडा आणि माणूस यांच्यात ती फरक करत नाहीत. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑनने, म्हणजे बाजारातल्या फॉलिडॉलने, दूषित झालेले गव्हाचे पीठ लोकांच्या पोटात गेले. शंभराहून अधिक माणसे दगावली. देशातली ही कीटकनाशकाची पहिली मोठी दुर्घटना होती. तिच्या चौकशीतून निघालेली वाट १९६८ च्या कीटकनाशक कायद्यापर्यंत पोहोचली.

कायद्याने कारखान्यांना, विक्रेत्यांना आणि डब्यावरच्या लेबलांना बांधले. शेतातून ओढ्यात, ओढ्यातून तळ्यात आणि विहिरीत काय उतरते, हा प्रश्न तसाच राहिला. सत्तरच्या दशकाच्या मध्यात कर्नाटकच्या शिवमोगा जिल्ह्यातील सागर तालुक्यात हंडिगोडू गावाजवळ सांधे आणि कंबर निकामी करणारा एक आजार मोठ्या संख्येने दिसू लागला. भातखाचरांत फवारलेली औषधे खेकड्यांत साठतात आणि ते खेकडे खाणाऱ्या गरीब कुटुंबांना हा आजार होतो, असा संशय प्रथम घेतला गेला. पुढील संशोधनाने हा हाडांचा आनुवंशिक विकार असल्याचे दाखवले. संशय चुकीचा निघाला, पण तो घ्यावासा वाटला ही गोष्ट बोलकी आहे. खाचरातल्या पाण्यात विष किती, हे गावाच्या पातळीवर सांगणारे साधन त्या काळी कोणाच्याही हाती नव्हते.

प्रगत देशांत हे मोजण्याचे काम वायू-क्रोमॅटोग्राफीने उचलले. आर्चर मार्टिन आणि अँथनी जेम्स यांनी ती १९५२ मध्ये मांडली. जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ मध्ये बनवलेला इलेक्ट्रॉन-ग्राही शोधक तिला जोडला गेला आणि डीडीटीसारख्या क्लोरीनयुक्त संयुगांचे अत्यल्प अंशही दिसू लागले. मिश्रणातले घटक एकेक करून वेगळे काढण्याची ताकद या पद्धतीत आहे, आणि कायद्याला, न्यायालयाला लागतो तसा नावानिशी पुरावा ती देते. तिची किंमतही तशीच आहे. पाणी बाटलीत भरून शहरात न्यायचे, द्रावकाने त्यातली कीटकनाशके ओढून घ्यायची, ती संहत करायची, शुद्ध वायूंची टाकी आणि प्रशिक्षित माणूस हाताशी ठेवायचा. निकाल येईपर्यंत ते पाणी प्यायले गेलेले असते.

पोलारोग्राफी मात्र संपली नाही. अनेक कीटकनाशके स्वतःच इलेक्ट्रोडशी इलेक्ट्रॉनची देवघेव करतात. पॅराथिऑन, मिथाइल पॅराथिऑन, फेनिट्रोथिऑन यांच्या रेणूत नायट्रो गट असतो, आणि तो ठरावीक विद्युतदाबाला चटकन क्षपण पावतो, म्हणजे इलेक्ट्रॉन स्वीकारतो. पुढे आलेल्या इमिडाक्लोप्रिडच्या रेणूतही नायट्रो गट आहे. पॅराक्वाट या तणनाशकाची गोष्ट आणखी वेगळी. तणनाशक म्हणून बाजारात येण्याच्या कितीतरी आधी, १९३० च्या दशकात, लिओनोर मिकेलिस यांनी तेच द्रव्य मिथाइल व्हायोलोजेन या नावाने विद्युतरासायनिक अभ्यासात वापरले होते. भारतात या सरळ मार्गावर चिकाटीने काम झाले ते बेंगळुरूपासून फार दूर नसलेल्या तिरुपतीला. श्री वेंकटेश्वर विद्यापीठात एस. जयराम रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायट्रो गट असलेली कीटकनाशके पोलारोग्राफी आणि तिच्या सुधारित स्पंद पद्धतींनी धान्यात, मातीत, पाण्यात मोजण्याच्या रीती बसवल्या. साध्या पोलारोग्राफीला दिसत नसलेल्या विरळ द्रावणांपर्यंत स्पंद पद्धती पोहोचल्या. स्वतः पारा विषारी असल्यामुळे पुढे पाऱ्याच्या इलेक्ट्रोडची जागा कार्बनने घेतली. राल्फ ॲडम्स यांचा कार्बन-लगद्याचा इलेक्ट्रोड १९५८ चा आहे.

सरळ मार्गाला मर्यादा होती. मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस अशा कितीतरी संयुगांत सोयीचा विद्युतक्रियाशील गट नसतो. त्यांच्यासाठी जो मार्ग सापडला तो या शास्त्रातला सर्वांत देखणा विचार आहे. विष ज्या एन्झाइमला मारते, त्या एन्झाइमलाच मोजमापाचे साधन करायचे.

त्याची तयारी वैद्यकात आधीच झाली होती. एच. ओ. मिशेल यांनी १९४९ मध्ये रक्तातील कोलिनएस्टरेजची क्रियाशीलता मोजण्याची विद्युत पद्धत दिली. एन्झाइम असिटिलकोलिन मोडते तेव्हा आम्ल तयार होते, आणि पीएच इलेक्ट्रोड त्या आम्लाने झालेला बदल टिपतो. १९६१ मध्ये जॉर्ज एलमन यांनी असिटिलकोलिनऐवजी असिटिलथायोकोलिन हा गंधकयुक्त भाऊबंद वापरला. तो मोडला की थायोकोलिन सुटते. एलमन यांनी ते रंगावरून मोजले. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, जॉर्ज गिलबो आणि सहकाऱ्यांनी अशीच क्रिया प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर आणून सेंद्रिय फॉस्फरस संयुगे विजेने मोजून दाखवली. त्याच वर्षी लीलंड क्लार्क आणि चँप लायन्स यांनी इलेक्ट्रोडच्या तोंडाशी एन्झाइमचा पातळ थर बसवण्याची कल्पना मांडली, आणि रेचल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ने कीटकनाशकांचा प्रश्न जगापुढे ठेवला. कार्सन यांच्या पुस्तकाशी या प्रयोगशाळांचा संबंध नव्हता. गिलबोंच्या संशोधनाला बळ मिळाले ते टॅबूनसारख्या नर्व्ह गॅसच्या लष्करी धास्तीतून.

अशा संवेदकाचे काम समजून घेणे अवघड नाही. कार्बनच्या छोट्या इलेक्ट्रोडवर असिटिलकोलिनएस्टरेज पक्के बसवलेले असते. त्यावर असिटिलथायोकोलिनचे द्रावण सोडले की एन्झाइम ते मोडते, सुटलेले थायोकोलिन इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन देते आणि ठरावीक प्रवाह वाहतो. ही झाली मूळ नोंद. मग इलेक्ट्रोड तपासायच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवायचा. पाण्यात सेंद्रिय फॉस्फरस किंवा कार्बामेट कुळातले कीटकनाशक असेल तर ते एन्झाइमच्या काही रेणूंच्या मर्मस्थानी जाऊन चिकटते. पुन्हा असिटिलथायोकोलिन दिले की प्रवाह आधीपेक्षा कमी येतो. घट जितकी मोठी, तितके विष अधिक. एन्झाइमचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणू मोडत असतो, म्हणून विषाच्या एकाच रेणूने तो बंद पाडला तरी हजारो रेणूंचा हिशेब चुकतो. अत्यल्प विष ओळखता येण्याचे रहस्य हेच. कोबाल्ट थॅलोसायनिन किंवा प्रशियन ब्लू यांसारखी मध्यस्थ द्रव्ये इलेक्ट्रोडला लावली की थायोकोलिन कमी विद्युतदाबाला इलेक्ट्रॉन देते, आणि पाण्यातल्या इतर पदार्थांची लुडबुड घटते.

दोन बारकावे या पद्धतीचे खरे स्वरूप उघड करतात. पहिला पाण्याच्या शुद्धीकरणाशी जोडलेला आहे. पॅराथिऑन, क्लोरपायरिफॉस यांच्या रेणूत फॉस्फरसला गंधक जोडलेले असते, आणि या रूपात ती एन्झाइमवर फारशी चालत नाहीत. यकृतात किंवा हवेत-उन्हात गंधकाच्या जागी ऑक्सिजन आला की ती जहाल होतात. हाच बदल जलशुद्धीकरण केंद्रातल्या क्लोरीननेही घडतो. म्हणून संवेदक वापरताना पाण्याला आधी सौम्य ऑक्सिडीकारक द्यावा लागतो, नाहीतर धोका असूनही प्रवाह जसाच्या तसा राहतो. दुसरा बारकावा औषधाचा. विषबाधा झालेल्या शेतकऱ्याला रुग्णालयात ॲट्रोपीनसोबत जे पॅम नावाचे इंजेक्शन देतात, ते एन्झाइमला चिकटलेला फॉस्फरस सोडवते. तेच द्रव्य प्रयोगशाळेत वापरलेला इलेक्ट्रोड पुन्हा जिवंत करण्यासाठी वापरले जाते. ज्या क्रियेने माणूस वाचतो, त्याच क्रियेने मापक पुन्हा कामाला लागतो.

सत्तरच्या दशकात अमेरिकेतील मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये लुई गुडसन यांनी या तत्त्वावर वाहत्या पाण्यावर पहारा ठेवणारे यंत्र तयार केले. फेसाळ प्लॅस्टिकच्या गादीत बसवलेल्या कोलिनएस्टरेजमधून आळीपाळीने पाणी आणि थायोकोलिन एस्टर वाहत, आणि एन्झाइम मंदावले की इशारा मिळे. तत्त्व सिद्ध झाले होते. यानंतरच्या पन्नास वर्षांत ते प्रत्येक नळाशी का पोहोचले नाही, हा या इतिहासातला मुख्य प्रश्न आहे.

भारतात या मार्गाचा पहिला भक्कम तळ पडला म्हैसूरला, बेंगळुरूपासून सुमारे १४० किलोमीटरवर. तिथल्या चेलुवांबा महालात १९५० पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. संस्थेत एन. जी. करंथ आणि एम. एस. ठाकूर यांच्या गटाने विद्युतप्रवाहावर चालणारे जैवसंवेदक हाती घेतले. ग्लुकोज आणि सुक्रोज मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवरचे एन्झाइम जिलेटिन, लायसोझाइम अशा प्रथिनांच्या सोबतीने अधिक काळ टिकते, हे त्यांनी २००२ च्या सुमारास दाखवले. काम साखरेचे होते, पण ज्या दुखण्यावर ते बोट ठेवत होते ते सर्वच एन्झाइम-संवेदकांचे होते. एन्झाइम हे प्रथिन आहे. उन्हाळ्यात, शीतपेटीशिवाय, चार-सहा महिने दुकानाच्या फळीवर पडून राहणे त्याला मानवत नाही. या संस्थेतून पुढे मिथाइल पॅराथिऑनसाठी प्रतिपिंडांवर आधारलेली स्वयंचलित प्रवाही चाचणी २००६ मध्ये आली. ती इलेक्ट्रोडची नव्हती, पण प्रयोगशाळेतील मापन लहान, सुटसुटीत आणि झटपट करण्याचा ध्यास तोच.

एन्झाइमच्या नाजूकपणावर मुंबईत वेगळा उपाय शोधला गेला. त्याची सुरुवात भाताच्या खाचरातून होते. भारतीय मृदा-सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एन. सेतुनाथन फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम करत होते. डायझिनॉन वारंवार वापरलेल्या खाचराच्या पाण्यात त्यांना आणि टी. योशिदा यांना फ्लॅव्होबॅक्टेरियम जातीचा एक जिवाणू सापडला, जो डायझिनॉन आणि पॅराथिऑन मोडून टाकत होता. १९७३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्याच्यातील ऑर्गॅनोफॉस्फरस हायड्रोलेज हे एन्झाइम विषाने बंद पडत नाही, उलट विषालाच कापते, आणि पॅराथिऑन कापले की पॅरा-नायट्रोफिनॉल सुटते, जे रंगानेही दिसते आणि इलेक्ट्रोडलाही. कॅलिफोर्नियात अशोक मुलचंदानी यांच्या गटाने नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात या एन्झाइमचे इलेक्ट्रोड बनवले. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जे. कुमार आणि एस. एफ. डिसूझा यांनी एन्झाइम वेगळे काढण्याचा खर्चच टाळला. त्यांनी फ्लॅव्होबॅक्टेरियमच्या अख्ख्या पेशी काचतंतूंच्या कागदावर बसवून २००६ मध्ये मिथाइल पॅराथिऑनचा प्रकाशीय संवेदक केला, आणि २०११ मध्ये जिवाणू-पेशींना छापील कार्बन इलेक्ट्रोडची जोड देऊन विद्युतरासायनिक संवेदक केला. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेतील प्रज्ञा काणेकर आणि सहकाऱ्यांनी मोनोक्रोटोफॉस पूर्णपणे मोडणारे मातीतले जिवाणू २००२ मध्ये नोंदवले होते. शेतातल्या मातीनेच विषाचा उतारा तयार करून ठेवला होता, असे या दोन्ही कामांतून दिसते.

संशोधनपत्रिकांतला हा विषय २००३ मध्ये एकाएकी संसदेत पोहोचला. फेब्रुवारीत दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने दिल्ली आणि मुंबईत विकल्या जाणाऱ्या बाटलीबंद पाण्यात लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस आढळल्याचे जाहीर केले. ऑगस्टमध्ये तोच आरोप शीतपेयांवर आला. सरकारने नमुने म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेत आणि कोलकात्याच्या केंद्रीय अन्न प्रयोगशाळेत तपासून घेतले. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये तिने अहवाल दिला. बाटलीबंद पाण्यासाठी युरोपच्या धर्तीवर कठोर मर्यादा आली. कोणतेही एक कीटकनाशक लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि सर्व मिळून ०.५ पेक्षा जास्त नको. सामान्य पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, २०१२ च्या आवृत्तीनुसार प्रत्येक द्रव्याला स्वतंत्र मर्यादा आहे. मिथाइल पॅराथिऑनला ०.३ मायक्रोग्रॅम, मोनोक्रोटोफॉसला १, क्लोरपायरिफॉसला ३०, मॅलॅथिऑनला १९०. बाटली विकत घेणाऱ्याचे पाणी आणि नळाचे पाणी यांना दोन मापे लागली, आणि ही विषमता डोळ्यांत खुपणारी आहे.

२००३ मध्येच युरोपात भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि ॲसिफेटचे अंश सापडले. नाशिक-सांगलीच्या बागाईतदारांना हादरा बसला. त्यातून शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेने कीटकनाशक-अंश देखरेखीची योजना सुरू केली, आणि पुण्याजवळ मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तिची संदर्भ प्रयोगशाळा झाले. निर्यातीची द्राक्षे वाचवण्यासाठी देशाने उत्तम प्रयोगशाळा उभ्या केल्या. मात्र ही सारी गुंतवणूक क्रोमॅटोग्राफ आणि वस्तुमान-वर्णपटमापक यांच्यात झाली. द्राक्षबागेच्या बांधावरच्या विहिरीचे पाणी तिथल्या तिथे तपासण्याचे साधन कोणी मागितले नाही, म्हणून ते कोणी घडवलेही नाही.

कोलिनएस्टरेज संवेदकाची आंधळी बाजूही याच काळात ठळक झाली. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या मळ्यांवर वर्षानुवर्षे हवाई फवारणीने एंडोसल्फान पडले. शेजारच्या दक्षिण कन्नड जिल्ह्यातील मळ्यांतही तेच वापरले गेले. फेब्रुवारी २०११ मध्ये कर्नाटकाने, आणि १३ मे २०११ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने देशभर, एंडोसल्फान थांबवले. एंडोसल्फान क्लोरीनयुक्त कुळातले आहे आणि ते असिटिलकोलिनएस्टरेजला रोखत नाही. या एन्झाइमचा इलेक्ट्रोड कासरगोडच्या ओढ्यात बुडवला असता तर त्याने काहीच दाखवले नसते. संवेदकाच्या गप्प राहण्याचा अर्थ ‘पाणी निर्मळ आहे’ असा घेणे घातक ठरते.

पुढचे पर्व नॅनोद्रव्यांचे, आणि इथे बेंगळुरू पुन्हा मध्यभागी येते. कार्बन नॅनोनलिका १९९१ पासून आणि ग्राफीन २००४ पासून चर्चेत होते. या द्रव्यांनी इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग कैक पटींनी वाढवला आणि एन्झाइमला धरून ठेवायला चांगली जागा दिली. २००८ मध्ये भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी मिळून भारतीय नॅनोइलेक्ट्रॉनिक्स वापरकर्ता कार्यक्रम सुरू केला. त्यामुळे लहान गावांतल्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांनाही कोट्यवधींच्या उपकरणांवर आपली कल्पना घडवून पाहता येऊ लागली. देशाच्या विज्ञानधोरणातला हा मोठ्या मनाचा निर्णय होता. संस्थेच्या नॅनो विज्ञान आणि अभियांत्रिकी केंद्रातील नवकांत भट आणि विनय कुमार यांनी २०१५ मध्ये पाथशोध ही कंपनी काढली. एकाच हातयंत्रावर रक्तातील साखर, एचबीए१सी, हिमोग्लोबिन, लघवीतील अल्ब्युमिन अशी मधुमेह्याला लागणारी मापने विद्युतरासायनिक पट्ट्यांनी करता येतात, हे त्यांनी बाजारात उतरवून दाखवले. पाण्यातले कीटकनाशक काढून टाकण्याच्या कामाचाही एक धागा बेंगळुरूशी जोडलेला आहे. भारतीय विज्ञान संस्थेत पीएचडी केलेले टी. प्रदीप पुढे आयआयटी मद्रासमध्ये गेले. तिथे ए. श्रीकुमारन नायर यांच्यासह त्यांनी चांदी-सोन्याच्या नॅनोकणांनी कीटकनाशके पाण्यातून काढता येतात हे दाखवले, आणि २००७ मध्ये तसा घरगुती गाळणयंत्राचा संच बाजारात आला. म्हणजे विष गाळणारे यंत्र घराघरांत पोहोचले. विष आहे की नाही हे सांगणारे मात्र पोहोचले नाही.

साखरेच्या पट्टीला जे जमले ते कीटकनाशकाच्या पट्टीला का जमले नाही, याचे उत्तर आकड्यांत आहे. निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तात ग्लुकोज सुमारे १ ग्रॅम असते. बाटलीबंद पाण्याची कीटकनाशक-मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याच्या एक कोटीव्या भागाइतकी. ग्लुकोजचे एन्झाइम दणकट आहे, कोलिनएस्टरेज नाजूक. ग्लुकोज एकच रेणू आहे, कीटकनाशके शेकडो. शिवाय रक्ताची घडण माणसागणिक फारशी बदलत नाही, पण पाणी गावागणिक बदलते. कोलारच्या बोअरवेलमधले क्षार, गावतळ्यातला सडका पाचोळा, कारखान्याच्या सांडपाण्यातले तांबे किंवा पारा, यांतले बरेच काही एन्झाइमला मंद करते आणि खोटा इशारा देते. सगळ्यात मोठा फरक गिऱ्हाइकाचा आहे. मधुमेही रोज पट्टी विकत घेतो. विहिरीच्या पाण्यासाठी रोज पट्टी घेणारा कोणी नाही. हे काम सरकारचे आहे, आणि त्याने ते मागितलेले नाही.

त्यामुळे दरवर्षी नवे नॅनोद्रव्य, नवा इलेक्ट्रोड आणि आणखी खाली गेलेली शोधमर्यादा, म्हणजे ओळखता येणारे किमान प्रमाण, यांच्यावर निबंध प्रसिद्ध होतात. त्यांतले बरेच मापन शुद्ध पाण्यात मिथाइल पॅराथिऑन मिसळून केलेले असते. खऱ्या पाण्यात, मे महिन्याच्या उन्हात, अप्रशिक्षित हातांत तोच इलेक्ट्रोड सहा महिन्यांनी काय सांगेल, याची परीक्षा विरळाच होते. शोधमर्यादेच्या शर्यतीत शहाणपण थोडे आहे. मर्यादा आणखी दहापट खाली नेण्यापेक्षा पट्टी एक पावसाळा टिकवणे आज जास्त मोलाचे आहे.

साधन अपुरे असूनही उपयोगी ठरते, याचा दाखला तैवानमध्ये आहे. तिथल्या कृषी संशोधन संस्थेने १९८५ मध्ये माशीच्या असिटिलकोलिनएस्टरेजवर आधारलेली भाजीपाल्याची झटपट रंगचाचणी तयार केली आणि ती बाजारपेठांत, शेतकरी संघांत वापरली गेली. चाचणीत खोट निघालेला माल रोखायचा आणि नाव-प्रमाण ठरवण्यासाठी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा, अशी ती दुहेरी व्यवस्था होती. एन्झाइम-संवेदकाची खरी जागा हीच आहे. तो राखणदार आहे, न्यायाधीश नाही. ‘विष कोणते’ हे क्रोमॅटोग्राफ सांगेल, ‘आत्ता काहीतरी बिघडले आहे’ एवढे संवेदकाने सांगावे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. तिथे विष पिण्याच्या पाण्यातून गेले नव्हते, श्वासातून आणि कातडीतून गेले. पण फवारलेले औषध शेवटी पावसाबरोबर वाहते, आणि रक्तातील कोलिनएस्टरेज किती घटले हे मोजणारा इलेक्ट्रोड आणि पाण्यातले विष ओळखणारा इलेक्ट्रोड एकाच जातीचे आहेत. एकाच हातयंत्रावर दोन पट्ट्या चालू शकतात. तालुक्याच्या दवाखान्यात आणि ग्रामपंचायतीत मिळून त्याचा खर्च भागू शकतो.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना पाणी तपासण्याचे संच आणि प्रशिक्षण दिले जाते. पीएच, कठिणता, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, उरलेले क्लोरीन, जिवाणू यांची तपासणी त्या करतात आणि चोख करतात. कीटकनाशकाची चाचणी या संचात नाही. ज्या भागांत फवारणी दाट आहे, म्हणजे कर्नाटकात कोलार-चिक्कबळ्ळापूर आणि महाराष्ट्रात यवतमाळ-नाशिक, तिथून सुरुवात करून या संचात कोलिनएस्टरेजची पट्टी घालावी, संशयित नमुना नेऊन तपासायला जिल्ह्यागणिक एक प्रयोगशाळा बांधून द्यावी, आणि म्हैसूर, ट्रॉम्बे, बेंगळुरूच्या संशोधकांना शोधमर्यादेऐवजी पट्टीच्या टिकाऊपणाचे लक्ष्य द्यावे. यासाठी लागणारे ज्ञान देशात आहे. मागणी सरकारने नोंदवायची आहे.